ग्राहक ‘बेसूर’ म्हणतात तेव्हा त्यांना नेमके काय ऐकू येत असते?

भातावाला (पुणे)

नमस्कार. पेटीची (हार्मोनियमची) दुरुस्ती आणि जुळवणी हा आमचा घरचा व्यवसाय आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो, ते थकल्यापासून दुकान मीच पाहतो. एका ज्येष्ठ कारागिरांबरोबर अधूनमधून पियानोच्या कामालाही जातो, पण तिथे मी अजून उमेदवारच आहे. इथे वाजवणारे, गाणारे आणि माझ्यासारखे कानस हातात धरणारे असे सगळेच येतात, म्हणून विचारतो. ग्राहकाला सुराबद्दल जे वाटते आणि पेटीत प्रत्यक्ष जे असते, त्यांतले अंतर त्याला न दुखावता कसे समजावून सांगावे?

गेल्या काही महिन्यांतले प्रसंग सांगतो. एक गृहस्थ जुळवलेली पेटी घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. सोबत वहीत आखलेला तक्ता होता. मोबाइलवरच्या ॲपने प्रत्येक पट्टी तपासून कोणता सूर किती सेंट चढा आणि किती उतरलेला, याची त्यांनी नोंद केली होती. (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) तक्त्यात बहुतेक सूर तीन-चार सेंटने उतरलेले दिसत होते. मी त्यांना समोर वाजवायला सांगितले, तेव्हा लक्षात आले की खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधल्या सप्तकाचा) असे पात्यांचे दोन्ही संच उघडे ठेवून ते भाता पूर्ण जोराने मारत होते. दाब वाढला की पितळी पात्याचा सूर किंचित उतरतो, खर्जाचा अधिक उतरतो, हे मी सांगितले. हलका भाता मारून ॲपचा काटा मध्यावर आणूनही दाखवला. तरीही “ॲप कशाला खोटे बोलेल?” हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, आणि त्याचा अर्थ मला कळला.

दुसरा प्रसंग एका गायनवर्गाचा. तिथल्या बाईंचा षड्ज, म्हणजे गाण्याचा आधारस्वर ‘सा’, काळी १ (सप्तकातली पहिली काळी पट्टी). पेटीचा गांधार तानपुऱ्यात मिसळत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि ती खरीच होती. त्यांच्या सांगण्यावरून मी काळी १ हा षड्ज धरून सगळी पेटी शुद्ध स्वरांत, म्हणजे तानपुऱ्यात मिसळणाऱ्या नैसर्गिक अंतरांवर, लावून दिली. दोन महिन्यांनी वर्गातल्या एका विद्यार्थ्याने त्याच पेटीवर काळी २ धरली, तर पंचम चक्क फुटला. आता ‘त्या दुकानात साधा पंचमसुद्धा लावता येत नाही’, असे माझ्याबद्दल बोलले जाते.

तिसरा एक तरुण मुलगा आहे. पेटी ‘४३२ वर’ (म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी ६ सेकंदाला ४३२ कंपनांवर) लावून द्या, त्या सुराने मन शांत होते, असे तो म्हणतो. साडेतीन सप्तकांच्या दुहेरी पेटीत ८४ सूर असतात (आमच्या धंद्यात त्या पितळी पात्यालाच सूर म्हणतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते), आणि प्रत्येक सूर मुळाशी घासून खाली आणायचा म्हणजे तितके पितळ कायमचे जाणार. चौथ्या ग्राहकाचे म्हणणे एवढेच होते, की पेटीचा आवाज पातळ झाला आहे, तो जाड करून द्या. त्यांना काय हवे होते ते मला अजूनही समजलेले नाही.

वडिलांची पद्धत निराळी होती. जुळवणीत दोष नाही अशी खात्री झाली की ते ग्राहकाला “ठेवून जा, बघतो” म्हणत, पेटी दोन दिवस फळीवर ठेवत, आणि कानस न लावता परत देत. “आता कसं मस्त झालं,” असे म्हणून ग्राहक आनंदाने पेटी घेऊन जात. मला ते पटत नाही. पण त्यांचे ग्राहक टिकले आणि माझे भांडून निघून जातात, हेही खरे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारखुंटी (मुंबई)

मी पियानोचे काम करतो, पेटीला फारसा हात लावलेला नाही. तरीही ग्राहकांच्या बाबतीत आपले दुखणे एकच आहे. तुमचा चौथा ग्राहक मी आधी घेतो, कारण माझ्या अनुभवात बाकीच्या तिघांपेक्षा त्याच्याकडूनच अधिक शिकायला मिळते.

आवाजाचे वर्णन करताना आपण मराठीत जे शब्द वापरतो, ते जवळजवळ सगळे दुसरीकडून उसने घेतलेले असतात. जाड-पातळ हे कापडाचे, गोड हा जिभेचा, मोकळा-घट्ट हे अंगरख्याचे आणि चढा-उतरता हे जिन्याचे. कारागिराला चढा म्हटल्यावर कंपनसंख्या वाढलेली दिसते. घरात मात्र ‘आवाज चढवू नकोस’ म्हणजे मोठ्याने बोलू नकोस. एका घरी पियानो ‘फार चढा झाला आहे’ म्हणून मला बोलावले होते. तपासले तर तो सगळा मिळून सुमारे वीस सेंट उतरलेला निघाला. मी चढ्याचा अर्थ माझ्या शब्दकोशाप्रमाणे घेतला असता, तर खुंट्या आणखी सैल करून पियानोची वाट लावली असती. त्या बाईंना खटकत होते ते निराळेच होते. हातोड्यांचे फेल्ट वर्षानुवर्षे तारांवर आपटून दाबले गेले होते, त्यांत तारांच्या खाचा पडल्या होत्या आणि त्यामुळे आवाज टणक, पत्र्यासारखा येत होता. फेल्ट घासून, सुया टोचून ते मऊ केले. नंतर सूर वर आणून जुळवणीही केली. “आता उतरला,” असे त्या समाधानाने म्हणाल्या. सूर प्रत्यक्षात वीस सेंट वर गेला होता. मी त्यांना दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडलो नाही.

तेव्हापासून ग्राहकाचा शब्द मी ऐकून घेतो आणि बाजूला ठेवतो. मग विचारतो, की कोणती पट्टी, ती एकटी वाजवल्यावर खटकते की दुसरीच्या जोडीने, हळू वाजवल्यावरही खटकते की जोरातच, सकाळी आणि संध्याकाळी सारखीच खटकते का. पियानोच्या मधल्या आणि वरच्या भागात एकेका स्वराला तीन तारा असतात. त्यांतली एक जरी सरकली, तरी तो स्वर एकटा वाजवतानाही हेलकावे खातो. तेव्हा एकटी पट्टी खटकली की मी आधी त्या तीन तारा तपासतो. जोडीनेच खटकली, तर जुळवणीचे अंतर तपासतो. जोरातच खटकली, तर दोष बहुधा हातोड्यांत असतो. आणि एकाच पट्टीला झणझण येत असली, तर पियानोकडे जाण्याआधी खोलीत नजर फिरवतो. एकदा काचेच्या कपाटातली समई एका ठरावीक स्वराला थरथरत होती, आणि त्या पियानोसाठी आधी दोन कारागीर येऊन गेले होते!

ॲपबद्दल. पियानोची पोलादी तार जाड आणि ताठ असते, त्यामुळे तिच्यातून मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर, म्हणजे स्वयंभू स्वर, गणिताने यायला हवेत त्यापेक्षा किंचित चढे येतात. सप्तकांचा एकमेकांशी मेळ बसावा म्हणून आम्ही वरची सप्तके गणितापेक्षा थोडी चढी आणि खालची थोडी उतरती लावतो. उभ्या पियानोच्या दोन्ही टोकांना हा फरक तीस सेंटपर्यंतही जातो. साध्या ॲपला हे माहीत नसते, ते दोन्ही टोकांना लाल दिवा दाखवते. वाद घालण्याऐवजी मी एकदा एका इंजिनिअर गृहस्थांसाठी शेवटचे सप्तक हुबेहूब ॲपप्रमाणे लावले आणि त्यांनाच खालच्या सप्तकासह वाजवायला सांगितले. वरचे स्वर त्यांना स्वतःलाच पडलेले वाटले. अर्धा तास गेला, पण त्यानंतर त्यांनी ॲप उघडलेले नाही.

पियानोवाल्यांच्या नशिबी आणखी एक गैरसमज असतो, तो म्हणजे ‘पाच वर्षे कुणी हात लावला नाही, मग बिघडेल कसा?’ आत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. कुणी वाजवो वा न वाजवो, हा ताण चोवीस तास चालूच असतो. त्यात मुंबईची हवा. पावसाळ्यात साउंडबोर्डचे लाकूड ओल पिऊन फुगते, तारांना खालून रेटा देते आणि सूर चढतो. मधल्या भागात तर सर्वांत जास्त. हवा कोरडी झाली की तोच सूर उतरतो. जूनमध्ये जुळवून घेणारे लोक डिसेंबरात ‘सहा महिनेही टिकले नाही’ म्हणून फोन करतात. आता मी पहिल्याच भेटीत दोन ऋतूंचे दोन आकडे पियानोच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवतो. पुढच्या वेळी हवामानाची साक्ष तिथेच मिळते.

वडिलांच्या पद्धतीबद्दल मी बोलणार नाही. मलाही एक-दोन घरांत तेच करावे लागले आहे.

कोमलरिषभ

मी गाते आणि शिकवते, म्हणजे या चर्चेत ग्राहकपक्षाची आहे. तुमच्या दुसऱ्या प्रसंगातल्या बाई मी नाही, पण सहज असू शकले असते, म्हणून त्यांची बाजू मांडते.

चांगल्या जवारीचा (घोडीवर तार नीट बसवून आवाज खुलवलेला) तानपुरा पंचमावर लावून शांत खोलीत छेडत बसलात, तर खर्जाच्या तारेतून आपोआप गांधार उमटतो. तो कुणी लावलेला नसतो. आमच्या पिढीच्या कानांवर गांधार म्हणून जो संस्कार झाला, तो हा. त्यावर पेटीचा गांधार आला की तो चढा लागतो, आणि आम्ही ‘पेटी बेसूर आहे’ म्हणतो. पेटी बेसूर नसून तिची जुळवणीच वेगळ्या हिशोबाची आहे, हे मला गाणे शिकायला लागून पंधरा वर्षे झाल्यावर समजले, तेही एका साथीदाराकडून. दुकानात मला कधी कुणी सांगितले नाही. मी आजवर चार ठिकाणी पेटी दिली असेल. ‘तुमचा षड्ज कोणता, आणि ही पेटी आणखी कोण वाजवते?’ हे दोन प्रश्न एकाही ठिकाणी विचारले गेले नाहीत. तुम्ही त्या बाईंना विचारले होते का?

आणि ही तक्रार काही आजची नाही. आकाशवाणीवर १९४० साली पेटीला बंदी आली, ती उठायला १९७१ साल उजाडले. पेटीचे ठरीव स्वर आपल्या रागांचे होत नाहीत, हे तेव्हाच्या आक्षेपांतले एक होते. त्याच्याही आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर) पुस्तक लिहिले, आणि क्लेमंट्स या आय.सी.एस. (ब्रिटिश अमदानीतल्या सनदी सेवेतल्या) अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप झाला. ती मंडळी अडाणी नव्हती. तेव्हा ग्राहकाच्या कानाला जे खटकते, ते गैरसमज या सदरात ढकलण्याआधी थोडे थांबावे, एवढेच माझे म्हणणे आहे. शब्द चुकत असेल. खटकणे बहुतेक वेळा खरे असते.

दोन दिवस फळीवर ठेवून दिलेली पेटी परत करण्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. पैसे घेतले असतील तर ती फसवणूक आहे. घेतले नसतील तरी त्या ग्राहकाच्या कानाला तुम्ही खोटे शिक्षण दिलेत.

अनुनाद (कोल्हापूर)

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी ओढतो. काळी २ चा पंचम का फुटला याचे गणित सोपे आहे आणि ते ग्राहकाला दाखवण्याजोगे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सप्तक म्हणजे १२०० सेंट. शुद्ध पंचमाचे गुणोत्तर ३:२, म्हणजे ७०१.९५५ सेंट. एका स्वरापासून पंचमांमागून पंचम असे बारा वेळा वर गेलो, तर सात सप्तके ओलांडून पुन्हा त्याच नावाच्या स्वरावर पोचायला हवे. सात सप्तकांचे सेंट ८४००, बारा पंचमांचे ८४२३.४६. हे वरचे साडेतेवीस सेंट कुठेतरी जिरवावेच लागतात. कोणताही कारागीर, कोणतेही ॲप आणि कोणतीही जर्मन पेटी त्यांतून सुटलेली नाही. टेम्पर्ड जुळवणीत ते बारा पंचमांत सारखे वाटले जातात, म्हणून प्रत्येक पंचम जेमतेम दोन सेंट उतरतो आणि कुणाच्याही लक्षात येत नाही. त्याची किंमत गांधार मोजतो. शुद्ध गांधार ५:४, म्हणजे ३८६ सेंट. टेम्पर्ड गांधार ४००. कोमलरिषभताईंना खटकणारे अंतर ते हेच चौदा सेंट आहेत.

आता भातावाले यांनी केलेली जुळवणी पाहू. काळी १ ला सा धरून शुद्ध स्वर लावले, तर रे २०४, ग ३८६, म ४९८, प ७०२, ध ८८४ आणि नी १०८८ सेंटवर येतात. बाईंच्या गाण्याला हे उत्तम. विद्यार्थ्याने काळी २ ला सा धरले, म्हणजे बाईंचा रिषभ हा त्याचा षड्ज झाला आणि बाईंचा धैवत, म्हणजे काळी ५, हा त्याचा पंचम. ८८४ मधून २०४ वजा केले की ६८० उरतात. पंचम ७०२ ला हवा, तो ६८० ला सापडला; बावीस सेंट खाली. हा कणसूर वगैरे नव्हे, सरळ फुटलेला पंचम आहे. तीच काळी ५ दुसऱ्या कुणी काळी ४ धरून गायले तर रिषभ म्हणून लागेल, आणि तोही बावीस सेंट उतरलेलाच असेल. कारागिराच्या हातून काहीही चुकलेले नाही. एका षड्जाला शुद्ध लावलेली पेटी दुसऱ्या षड्जाला शुद्ध राहूच शकत नाही.

एक मजेशीर गोष्ट अशी. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या जवळजवळच्या स्वयंभू स्वरांच्या कंपनसंख्यांत जितका फरक असेल, तितके हेलकावे दर सेकंदाला ऐकू येतात. आमच्या पुस्तकात त्यांना विस्पंद म्हणतात. टेम्पर्ड पेटीवर मधल्या सप्तकातली काळी १ आणि तिचा गांधार, म्हणजे पांढरी ४, एकत्र धरा. सेकंदाला सुमारे अकरा हेलकावे येतात. या शुद्ध लावलेल्या पेटीवर काळी २ आणि तिचा फुटलेला पंचम धरा. तिथेही अकरा-बाराच येतात. आकडा जवळपास तोच असताना गांधार आपण चालवून घेतो आणि पंचमावर कारागिराची अब्रू जाते. कारण पंचमाचे हेलकावे दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वयंभू स्वरांतून उठतात, ते जोरकस असतात. गांधाराचे चौथ्या-पाचव्यातून उठतात, ते दबलेले असतात. शिवाय भरल्या पंचमाची सवय आपल्याला तानपुऱ्याने लावलेली असतेच.

४३२ च्या मुलाला काय सांगावे? आंतरराष्ट्रीय संकेतानुसार मधल्या सप्तकातली पांढरी ६ ही ४४० ला असते. तो संकेत १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरला. त्याआधी फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ कायद्याने चालत होते. माणसांनी बसून ठरवलेले आकडे आहेत हे, निसर्गाचे नव्हेत. शिवाय ४४० आणि ४३२ यांत ३२ सेंटांचेच अंतर आहे, म्हणजे एका पट्टीचा तिसरा भाग. आपल्याकडे षड्ज ज्याच्या-त्याच्या गळ्याचा. काळी १ वर गाणारा आणि पांढरी २ वर गाणारा यांच्यात शंभर सेंटांचे अंतर असते, आणि दोघांचाही यमन शांत वाटू शकतो. मग या बत्तीस सेंटांतच शांती कुठून आली, हे त्या मुलाला प्रेमाने विचारावे. तेवढ्याने ऐकले नाही तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा ४३२ ला लावून द्यावा आणि आठवडाभर त्यावर गायला सांगावे. पितळ तरी वाचेल. बासरीवाला साथीला आला की उरलेले तो सांगेलच.

हिमगर्भ (टोरांटो)

अनुनाद सरांच्या उत्तरानंतर लिहायला फारसे उरलेले नाही. एक छोटी भर. इकडे हिवाळ्यात घरे महिनोन्‌महिने तापवलेली असतात आणि आतली हवा कमालीची कोरडी होते. भारतातून आणलेल्या पेटीचे लाकूड आकसते, सांधे किंचित उघडतात, पट्टीखालचे चामडे नीट बसत नाही. मग भाता भरभर रिकामा होतो, फुसफुस ऐकू येते, एखादा सूर न दाबताच बोलू लागतो. या सगळ्याला मंडळाच्या कार्यक्रमात एकच शब्द असतो, ‘पेटी बेसूर झाली’. माझ्याकडे आलेल्या अशा पेट्यांपैकी बहुतेकांचे सूर जागच्या जागी होते, फक्त हवा गळत होती. भातावाले, तुमच्या चौथ्या ग्राहकाचा ‘पातळ’ आवाज म्हणजे असेच काही नव्हते ना?

भातावाला (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधल्या काळात यांतल्या काही गोष्टी करून पाहिल्या.

कोमलरिषभताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे. बाईंचा षड्ज मी विचारला होता. पेटी आणखी कोण वाजवते, ते विचारले नव्हते. गायनवर्गाची पेटी आहे हे माहीत असूनही मला ते सुचले नाही, ही चूक माझी. आता पेटी घेताना लिहायच्या चिठ्ठीवर हे दोन्ही प्रश्न घातले आहेत, आणि तारखुंटीकाकांचे म्हणणे मानून ‘तक्रार’ या रकान्याखाली ‘वाजवून दाखवल्यावर काय आढळले’ असा आणखी एक रकाना आखला आहे.

हिमगर्भ यांचा अंदाज खरा ठरला. चौथ्या ग्राहकांना पुन्हा बोलावून पेटी त्यांच्यासमोर वाजवली, तर खर्जाचा संच नीट बोलतच नव्हता. त्याच्या झाकणाखालचे चामडे एका कडेने वाळून उचलले गेले होते, त्यामुळे तिथे हवा पुरेशी पोचत नव्हती आणि एकटा नर संच वर येत होता. खर्ज दबल्यावर आवाज पातळच होणार. चामडे बदलले. त्यांनी एक आलाप घेतला आणि म्हणाले, “हां, जाड.” याहून अचूक शब्द मलाही सुचला नसता.

ॲपवाल्या गृहस्थांशी माझे अजून जमलेले नाही. खर्जाचा संच बंद करून, एकट्या नर सुरावर, हलक्या भात्याने मोजायला त्यांना शिकवले आहे. तक्ता नव्याने करून आणतो म्हणाले.

वडिलांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. कोमलरिषभताईंचा फसवणूक हा शब्द आल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, “मी काहीच करत नव्हतो, हे तुला कुणी सांगितलं? मी सुराला हात लावत नव्हतो.” त्या दोन दिवसांत ते पेटी उघडून धूळ काढत, चामडी तपासत, ढिल्या कमानी घट्ट करत, जिथे हवा गळत असेल तिथे पट्टी चिकटवत, आणि हे सगळे मी शाळेत असताना. कानस लावली नाही म्हणजे काम झाले नाही, हा हिशोब माझाच होता. त्याचे पैसे घेत नसत, कारण जुळवणीचे आधीच घेतलेले असत. ग्राहकाला हे का सांगत नव्हता, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, की चामड्याचे नाव काढले तर ग्राहक पेटी जुनी झाली असे समजून विकायला काढतो, आणि बेसूर होती ती लावून दिली म्हटले तर जपून वापरतो. हे मला पूर्ण पटलेले नाही, पण त्यांच्याबद्दल मी वर जे लिहिले होते ते मागे घेतो.

राहता राहिली गायनवर्गाची पेटी. अनुनाद सरांचे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मी बाईंकडे गेलो. ६८० आणि ७०२ त्यांनी पाहून घेतले, पण खात्री पटली ती काळी ५ वाजवून दाखवल्यावर. त्यांच्या षड्जाला ती धैवत म्हणून गोड लागत होती, आणि काळी २ च्या जोडीने वाजवताच भांडल्यासारखी. वर्गात चार-पाच निरनिराळे षड्ज असल्यामुळे ती पेटी आता पुन्हा टेम्पर्ड करायची ठरली आहे. त्यासाठी काही सुरांना टोकाशी कानस लावून ते वर आणावे लागतील. मुळाशी एकदा घासून झालेले असल्याने जपून करावे लागेल, पण होण्याजोगे आहे.

बाईंची स्वतःची एक जुनी एकेरी पेटी घरी आहे. ती काळी १ ला शुद्ध लावायची. त्यात फक्त धैवताचा प्रश्न उरला आहे.

अनुनाद (कोल्हापूर)

८८४ की ९०६, हाच ना? ९०६ ठेवलात तर रिषभ-धैवत पंचमभावात येतात, पण गांधार-धैवत फाटतात. ८८४ ला उलटे. बाई कोणते राग अधिक गातात, त्यावर ठरवावे लागेल.

भातावाला (पुणे)

हो, तोच. दोन्ही लावून ऐकवता यावेत म्हणून जुन्या पेटीतून काढलेला काळी ५ चा आणखी एक सूर शोधून ठेवला आहे. एक ८८४ ला आणि दुसरा ९०६ ला लावला आहे. बाई गुरुवारी तानपुरा घेऊन दुकानात येणार आहेत. जो पसंत पडेल तो बसवायचा, आणि दुसरा कागदात गुंडाळून पेटीच्या आतच ठेवून द्यायचा, असे ठरले आहे.